चार नळ्या, एक पेटी आणि बाबांचे कान

मी एक जुना फ्युएल इंजेक्शनचा संच आहे. इंजेक्शन म्हटल्यावर दचकू नका, मित्रांनो. माझ्याकडे सुई नाही आणि मी कुणाचा दंडही धरत नाही. माझे काम गाडीच्या इंजिनाला पेट्रोल देण्याचे. पूर्वी हे काम कार्ब्युरेटर नावाचे भांडे करी. त्याच्यातून जाणारी हवा स्वतःच पेट्रोल ओढून नेई, जेवढे ओढले तेवढे ओढले. मी मात्र दर घोट मोजून देतो.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. बोटाएवढ्या चार नळ्या केल्या गेल्या. त्यांना इंजेक्टर म्हणतात, त्यांच्या टोकातून पेट्रोल धुक्यासारखे उडते. काचेच्या नळकांड्यांत फवारा मारून त्यांची परीक्षा झाली. एखादी नळी जास्त उडवी, एखादी हात आखडे. अशांना बाजूला काढून ज्यांचे माप एकसारखे आले, अशा चार भावंडांना एकत्र बांधले. मग हवा आत घेणारी झडप आली. धुराड्यात बसून जळक्या वायूचा वास घेणारा सेन्सर आला, त्याला मी माझे नाक म्हणतो. शेवटी या सगळ्यांना हुकूम सोडणारी काळी पेटी आली. तिच्यात माझी अक्कल भरलेली आहे. वायरींच्या जुडग्याने आम्हाला जोडले, खोक्यात निजवले, आणि मी एका दुकानाच्या फळीवर येऊन पडलो.

त्या दुकानात फक्त शर्यतीच्या गाड्यांचे सामान मिळे. माझ्या शेजारी एक भलामोठा संच होता. त्याच्या नळ्या माझ्या दुप्पट, खोक्यावर ज्वाळांचे चित्र. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघे. माझ्याकडे बघितलेच तर किंमत बघून पुढे जाई. कमी किमतीचा म्हणून कमी प्रतीचा, असे लोकांना वाटत असावे. मला वाईट वाटे, पण फळीवर बसून कोण कुणाची समजूत घालणार?

एके दिवशी तिघे जण आले. पुढे ताई होती. तिच्या गल्लीतली सगळी मुले तिला ताई म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची आणि सुट्टीच्या दिवशी गाडी पळवायची. तिच्या मागे तिचे मामा होते, मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या मतांचे. सर्वांत मागे, हात पाठीशी बांधून, तिचे बाबा होते. बाबांचे गावात छोटे गॅरेज होते आणि ताईच्या गाडीचे इंजिन आजवर त्यांनीच सांभाळले होते.

ताई पळवायची ती शर्यत अगदी सरळ असते, मित्रांनो. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात. समोरच्या खांबावर हिरवा दिवा लागला की सुटायचे आणि सरळ रेषेत पाव मैल पळायचे. वळण नाही, चढ नाही. श्वास रोखून बघत राहिलात तर श्वास सोडायच्या आत निकाल लागतो. त्यात सुरुवातीचा क्षण फार महत्त्वाचा. तिथे इंजिन अडखळले की पुढे कितीही पळा, व्यर्थ.

मामांनी आल्याआल्या ज्वाळांच्या खोक्यावर हात ठेवला.

"हाच घ्यायचा. घ्यायचाच तर हत्ती घ्यावा, शेळी घेऊन काय करायचंय?"

दुकानदार शांत माणूस होता. त्याने ताईला विचारले, "इंजिन केवढं? ताकद किती निघते? पंप कुठला? टाकी जुनीच ठेवणार का?" ताईने सगळे नीट सांगितले. चार सिलिंडरचे इंजिन, साधे पेट्रोल, जुनीच टाकी, पंप मात्र नवा घ्यावा लागणार होता, कारण मला पेट्रोल बऱ्याच जास्त दाबाने लागते.

"मग तो मोठा संच नको," दुकानदार म्हणाला. "पूर्ण वेगात तो देईल भरपूर. पण गाडी उभी असताना इंजिनाला थेंबभर पेट्रोल लागतं. घागरीनं थेंब मोजता येतो का? गाडी उभ्याउभ्या गुदमरेल. नळ्या अशा निवडायच्या, की पूर्ण जोरात पळतानाही त्यांना थोडा दम खायला जागा उरेल. त्याहून मोठ्या घेऊ नयेत." आणि त्याने मला फळीवरून खाली काढले.

मामा पुटपुटले, "माल विकायला बसलाय की परत पाठवायला?"

ताई हसली. तिने माझी झडप बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती बोटाने उघडली, मिटली, उलटी करून पाहिली. बराच वेळ ते काहीतरी शोधत होते.

"याला स्क्रू कुठाय?" त्यांनी विचारले.

"स्क्रू नाहीये, बाबा. आकडे आहेत. लॅपटॉपवर बदलायचे."

बाबांनी मला परत खोक्यात ठेवले. "मग माझं काय काम?" असे ते म्हणाले, पण इतके हळू की मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आले.

ते तसे का म्हणाले, हे मला गॅरेजमध्ये गेल्यावर समजले. बाबा इंजिन कानाने जुळवत. पान्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून ते डोळे मिटत, स्क्रू केसभर फिरवत आणि म्हणत, "आता बरं वाटतंय तिला." लांबून लांबून लोक त्यांच्याकडे गाड्या आणत. पण उभी हयात उघड्या सायलेन्सरांच्या शेजारी काढल्यामुळे त्यांचे कान हळूहळू गेले होते. घरात टीव्ही इतका मोठा लागे, की आई म्हणायची, "शेजाऱ्यांना बातम्या फुकट मिळतात, त्यांची वीज तरी वाचते." कुणी काही विचारले तर बाबा "हो हो" म्हणत, आणि ते "हो हो" बऱ्याचदा चुकीच्या प्रश्नाला असे.

माझ्या येण्याच्या आधीच्या हंगामात ताईच्या इंजिनाला पेट्रोल कमी पडत होते. पेट्रोल कमी पडले की इंजिन आतून तापते आणि खडखडू लागते. तो खडखडाट बाबांना ऐकू आला नाही. भर शर्यतीत इंजिनात वरखाली पळणाऱ्या पिस्टनला भोक पडले. धुराचा लोट उठला, तेल चाकाखाली गेले आणि गाडी घसरत कठड्यापर्यंत गेली. ताईला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. "पेट्रोलच खराब होतं," बाबा म्हणाले. ताईनेही मान डोलावली. त्या दिवसापासून त्या घरात या विषयावर कुणी बोलले नव्हते. आणि मग एक दिवस ताई मला घेऊन आली. बाबांना काय वाटले असेल, ते तुम्हीच समजा.

मला गाडीत बसवण्याचे काम बाबांनीच केले आणि अतिशय सुंदर केले. पेट्रोलच्या नळ्या त्यांनी गरम भागांपासून दूर नेल्या, प्रत्येक जोड दोनदा पाहिला, माझ्या वायरी ठिणगीच्या वायरींपासून लांब बांधल्या. टाकी धुण्याचे काम मामांनी अंगावर घेतले आणि अर्ध्या तासात "चकाचक!" असे जाहीर केले. पण लॅपटॉप उघडला, की बाबा हात पुसत बाहेर जात. जणू त्या खोलीत आता त्यांचे कुणी नव्हते.

इंजिन सुरू झाले, मात्र गाडी काही सुधरेना. ताईच्या पडद्यावर पाढ्यांच्या तक्त्यासारखी चौकटींची जाळी होती. इंजिन किती वेगाने फिरते आणि त्यावर किती भार आहे, त्याप्रमाणे एकेक चौकट. प्रत्येक चौकटीत मी किती पेट्रोल द्यायचे त्याचा आकडा. गाडी सावकाश चालत असेल तर मी माझ्या नाकाने वास घेऊन आकडे थोडेफार स्वतः सुधारतो. पण शर्यतीच्या सुरुवातीला ॲक्सिलरेटर एकदम तळाला जातो, तेव्हा वास घेऊन विचार करायला मला सवडच नसते. तिथे माणसाने आधी शिकवून ठेवले असेल तेवढेच मी करतो.

आणि तिथेच गाडी अडखळे. सरावाच्या दिवशी ताई सुटली, की गाडी एक गचका खाई, मान टाकी, मग पळे. ताईने सगळीकडे पेट्रोल वाढवले. अडखळणे राहिलेच, वर काळा धूर येऊ लागला. मग तिने सगळीकडे कमी केले. गाडी आणखी रुसली, म्हणून तिने पुन्हा वाढवले. मामांनी रोज नवा सल्ला दिला आणि रोज शेवटी म्हटले, "मी आधीच म्हणालो होतो, हत्ती घ्या." मला फार अपराधी वाटत होते, मित्रांनो. मला येत होते ते सगळे मी करत होतो, पण मला नेमके काय करायचे तेच कुणी सांगत नव्हते.

एका रविवारी सकाळी ताई लॅपटॉप घेऊन अंगणात गेली. बाबा पायरीवर बसून जुने नटबोल्ट निवडत होते. तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. गाडी जवळच उभी होती, माझी पेटी तारेने लॅपटॉपला जोडलेली होती, त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले आणि ऐकले.

"बाबा," ताई त्यांना ओठ दिसतील अशी समोर बसून म्हणाली, "मला आवाज ऐकू येतो, पण तो काय सांगतोय ते कळत नाही. तुम्हाला ते कळतं, पण..."

ती थांबली. आईने आत भांडी वाजवायची थांबवली. बाबांनी हातातला नट डब्यात टाकला.

"पण ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"हो."

"पिस्टनला भोक पडलं, ते पेट्रोल खराब असल्यानं नाही."

"मला माहितीये, बाबा."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

बाबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "ही सुटते तेव्हा कसा आवाज करते, ते सांग. खोकते की उचकी देते?"

"म्हणजे?"

"खोकला वरून येतो, हवेच्या तोंडातून. फट्! असा. म्हणजे पेट्रोल कमी. उचकी खालून, भक्‌भक्‌, जड. म्हणजे जास्त."

ताईने डोळे मिटून आठवले. "आधी खोकते. एकदाच. मग उचक्या."

"म्हणजे तिला आधी कमी पडतं आणि मग तू तिच्या तोंडात कोंबतेस," बाबा म्हणाले. ताईने पडद्यावर मागच्या धावेची नोंद उघडली. मी प्रत्येक धावेत काय झाले ते टिपून ठेवतो, त्याच्या रंगीत रेघा होतात. ॲक्सिलरेटर तळाला गेला त्याच जागी माझ्या नाकाची लाल रेघ एकदम उडी मारून वर गेली होती आणि लगेच खाली बुडाली होती. ती वर गेली की पेट्रोल कमी, खाली आली की जास्त. बाबांनी त्या उडीवर बोट ठेवले.

"हाच तो खोकला का?"

"हाच."

बाबा त्या रेघेकडे पाहतच राहिले. "अगं, हे तर मी ऐकायचो तेच आहे," ते म्हणाले. "फक्त काढून दाखवलंय."

त्या दिवशी दुपारचे जेवण थंड झाले. बाप-लेकीने मिळून मला शिकवले. झडप झटकन उघडली, की हवा आधी धावून येते आणि पेट्रोल मागे राहते. म्हणून त्या क्षणापुरता मी एक जादा फवारा मारायचा आणि लगेच हात आवरायचा. बाकी चौकटींमध्ये ताईने उगाच वाढवलेले सगळे त्यांनी काढून टाकले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा बाबांनी नियमच केला. ताई गाडी पळवून यायची, आवाजाचे वर्णन करायची, बाबा रेघ बघायचे आणि दोघे भांडायचे. पुढच्या सरावाला मी सुटलो तो सरळ, न अडखळता. मला आयुष्यात पहिल्यांदा आपण उपयोगी आहोत असे वाटले.

हंगामाची मोठी शर्यत जवळ आली. तिच्या आदल्या आठवड्यात बाबांनी आणखी एक गोष्ट मागितली. पूर्ण जोरात पळताना पेट्रोलचा दाब पडला, तर मी इंजिन तिथल्या तिथे रोखावे.

"भावोजी, स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेताय?" मामा म्हणाले. "पुढं असलो आणि यानं गाडी थांबवली तर?"

"तर मागं राहू," बाबा म्हणाले. "मला आता खडखड ऐकू येत नाही. कुणीतरी माझ्या जागी ऐकलं पाहिजे."

ताईला ते फारसे पटले नव्हते. तिचा हात लॅपटॉपवर घुटमळला. पण तिने ती आज्ञा मला दिली.

शर्यतीच्या दिवशी आम्ही एकामागून एक फेऱ्या जिंकलो. शेवटच्या फेरीत शेजारी एक चकचकीत गाडी होती, आमच्याहून बरीच ताकदवान. हिरवा दिवा लागला. मी जादा फवारा मारला, हात आवरला, आणि आम्ही तिच्या पुढे निघालो. निम्मी वाट संपली, आम्ही पुढेच होतो. आणि तेवढ्यात माझ्या नळ्यांत येणारे पेट्रोल पातळ धारेसारखे अशक्त झाले. दाब पडत होता. शेवटची रेघ समोर दिसत होती. लोक उभे राहून ओरडत होते. आणखी थोडा वेळ मी गप्प बसलो असतो तर कदाचित जिंकलोही असतो. पण मला दिलेली आज्ञा स्पष्ट होती. मी इंजिन रोखले.

शेजारची गाडी सूं करून निघून गेली. आम्ही नुसते घरंगळत रेघेपार गेलो.

मामा धावत आले ते माझ्या नावाने बोटे मोडतच. "काढून फेका तो डबा! हातातोंडाशी आलेला घास घालवला!" ताई हेल्मेट काढून बसली होती. तिचे डोळे भरले होते. मला वाटले, आता आपले दिवस भरले.

बाबांनी लॅपटॉप जोडला, दाबाची रेघ पाहिली, आणि खाली वाकून पेट्रोलचा फिल्टर सोडवला. तो त्यांनी पांढऱ्या फडक्यावर झटकला. फडके तपकिरी झाले. गंज होता, टाकीच्या तळाचा. नवा पंप पेट्रोल जोराने फिरवून उरलेले टाकीत परत सोडत होता, त्यामुळे वर्षानुवर्षे बसलेला गाळ उठला होता.

बाबांनी फडके मामांच्या समोर धरले. "चकाचक," ते म्हणाले.

मामांचा आवाज एवढा बारीक मी आधी कधी ऐकला नव्हता. "वरून तर स्वच्छ दिसत होती हो, भावोजी."

मग ताईने इंजिन उघडून आत दिवा टाकून पाहिले. चारही पिस्टन शाबूत होते, एक डागसुद्धा नव्हता. ती बराच वेळ आत बघत राहिली. गेल्या वर्षीचा कठडा तिला आठवला असावा. वर आली तेव्हा ती हसत नव्हती, पण तिने बाबांच्या खांद्यावर डोके टेकवले.

परत जाताना ताई म्हणाली, "बाबा, पंपाला फिल्टर लागतो, इंजिनाला सेन्सर लागतो. तुम्ही ते सगळं स्वतःच्या हातानं बसवलंत. मग कानाला यंत्र लावायची लाज का?"

बाबांना ते ऐकू आले की नाही, ते कळले नाही. ते म्हणाले, "हो हो." ताईने सुस्कारा सोडला. पण पुढच्या आठवड्यात बाबा आपण होऊन आईला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले. म्हणजे ते "हो हो" या वेळी बरोबर प्रश्नाला होते.

यंत्र घालून बाबा गॅरेजमध्ये आले तो दिवस मला अजून आठवतो. ते दारातच दचकले. पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. "एवढा गोंगाट असतो होय इथं!" ते म्हणाले. मग ताईने गाडी सुरू केली आणि बाबा माझ्यावर वाकले.

"टिकटिक येतेय. काहीतरी ढिलं आहे."

"ढिलं नाहीये, बाबा. नळ्या उघडतात-मिटतात, त्याचा आवाज. पहिल्या दिवसापासून येतोय."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

बाबांनी डोळे मिटले आणि हात इंजिनावर टेकला. माझ्या चारही नळ्या एका लयीत चालल्या होत्या. इतके दिवस त्यांनी माझ्या रेघा वाचल्या होत्या, माझे जोड आवळले होते, माझ्यासाठी मामांशी वाद घातला होता, पण मी कसा बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांनी मला खूप वेळ ऐकले. ताई इंजिन बंद करायला गेली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवले.

त्यानंतर आम्ही बऱ्याच शर्यती पळालो. काही जिंकलो, काही हरलो. बाबा मैदानावर जाताना कानातले यंत्र काढून डबीत ठेवत आणि दोन्ही कानांवर जाड झाकणे चढवत. मामा म्हणत, "एवढा खर्च करून कान आणले, आणि आता झाकून ठेवता!" टाकी मात्र तेच धूत, आणि धुऊन झाली की दिवा घेऊन आत डोकावत.

आता माझे वय झाले आहे. माझ्याहून हुशार संच बाजारात आले. ताई आता इतरांच्या गाड्या जुळवून देते, स्वतः क्वचित पळवते. गाडीवर ताडपत्री असते. पण बाबा अधूनमधून ती बाजूला करून मला सुरू करतात, जुने पेट्रोल काढून ताजे भरतात, म्हणून माझ्या नळ्या अजून चिकटल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्याची काळजी घेणे काही अवघड नाही. टाकी तळापर्यंत बघा, फिल्टर वेळेवर बदला, वायरींना ओल लागू देऊ नका. मोठ्या आवाजाजवळ काम असेल, तर आधी स्वतःचे कान झाका. गेलेला कान कुठल्याच दुकानात नवा मिळत नाही. आणि तुमच्या घरात कुणी "काय म्हणालास?" असे वारंवार विचारू लागले, टीव्ही मोठा करू लागले, चुकीच्या प्रश्नाला "हो हो" म्हणू लागले, तर त्यांच्यावर हसू नका आणि लांबून ओरडूही नका. त्यांना तुमचे ओठ दिसतील असे समोर जाऊन बसा, आणि जे बोलायचे टाळत आलात ते सावकाश बोला.